पंखा बंद केलास का, आणि इतर गाणी

अल्बम सकाळी दहाला येणार होता, आणि कविराजांनी नऊपासूनच घरात कुणाला भांड्याला हात लावू दिला नव्हता. मिक्सर बंद, नळ बंद. शेजारच्यांच्या कुत्र्याला खिडकीतून दोनदा दटावून झालं होतं. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता, शेजारी स्पीकर, आणि समोर तीन खुर्च्या: एक त्यांची, एक बायकोची, एक सासूबाईंची. सासूबाईंनी मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या, तर "टकटक होते," म्हणून त्याही काढून घेतल्या.

"मग नुसतं बसून मी करू काय?" सासूबाईंनी विचारलं.

"ऐकायचं, आई."

"ऐकते की मी नेहमीच. पण शेंगा सोलता सोलता."

कविराज पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे. दिवसभर माणसं समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी दाखवलेली अक्षरं मोठ्याने, अगदी मन लावून वाचायची. एवढे वाचक भल्याभल्या कवींना मिळत नाहीत. पण ती अक्षरं भिंतीवरच्या तक्त्याची. कविराजांची स्वतःची अक्षरं वाचायला वीसेक वर्षांत कुणी आपण होऊन खुर्ची ओढली नव्हती. मासिकवाले कविता परत पाठवायचे. पुढे पुढे त्यांनाही कंटाळा आला आणि ते नुसत्याच ठेवून घ्यायला लागले. आणि आता, डोक्यावर चार केस उरले असताना, एका सिनेमाची सातच्या सात गाणी कविराजांच्या पदरात पडली होती. आपले शब्द अनोळखी माणसांनी ऐकावेत आणि ‘वा’ म्हणावं, एकदा, आयुष्यात फक्त एकदा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते मटाराच्या शेंगांशीसुद्धा वैर घ्यायला तयार होते.

सिनेमाचं नाव ‘एक बाही लांब’. गोष्ट तऱ्हेवाईक होती. एक शिंपी असतो. एक बाई त्याच्याकडे कोट शिवायला टाकते. ती परत यावी म्हणून तो मुद्दाम एक बाही बोटभर लांब ठेवतो. बाईच्या ते लक्षात येतं, पण ती बोलत नाही; दुरुस्त करून नेते आणि पुढच्या आठवड्यात नवीन कापड घेऊन हजर. असे कोटांवर कोट. अख्ख्या सिनेमात कुणी कुणाला प्रेमातला ‘प्र’सुद्धा म्हणत नाही, नुसती मापं घेतात.

पहिल्या गाण्यासाठी कविराजांनी लिहिलं होतं, "निशिगंधाच्या निःश्वासांनी नादावले नभोमंडल." या एका ओळीपायी त्यांचं वजन कमी झालं होतं.

दहा वाजले. कविराजांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. आधी नुसती गिटार, मग टाळ्यांचा ठेका, आणि मग एका घोगऱ्या, अर्धवट झोपेतल्या पुरुषी आवाजाने विचारलं:

"पंखा बंद केलास का?
निघताना, पंखा बंद केलास का?"

त्यावर सर्दी झाल्यासारख्या एका बारीक आवाजात उत्तर आलं:

"केला हो केला, दोनदा केला,
तुमच्यासाठी परत जाऊन केला..."

सासूबाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"बंदच आहे की," त्या म्हणाल्या.

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. ती हसत होती की आणखी काही, ते बघण्याच्या मनःस्थितीत कविराज नव्हते. त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे सिनेमाचे संगीतकार. पूर्वी घरोघरी जाऊन मुलांना कीबोर्ड शिकवायचे म्हणून मास्तर, आणि शाळेत एका बाकावर बसले म्हणून कविराजांचे जिवलग.

"मास्तर, हे काय वाजतंय?"

"काय वाजतंय?"

"पंखा!"

"मग तेल घाल त्याला. मी झोपलोय."

"अरे माणसा, गाण्यात पंखा वाजतोय! माझा निशिगंध कुठे गेला?"

पलीकडे पलंग करकरला. मग मास्तर म्हणाले, "अरेच्चा. डमी गेली वाटतं."

आता ही डमी काय भानगड असते? सिनेमात चाल आधी होते, शब्द मागाहून येतात. तोवर चाल रिकामी कशी गायची, म्हणून संगीतकार तोंडाला येईल ते त्यात कोंबून गातो. ती डमी. कपड्यांच्या दुकानात काचेमागे पुतळा उभा असतो ना, तसे ते शब्द: चाल अंगावर कशी बसते ते दाखवण्यापुरते. खरे शब्द आले की पुतळा उचलून मागच्या खोलीत. मास्तर डमी स्वतःच गायचे, शिंप्याची बाजू जाड आवाजात आणि बाईची बारीक आवाजात. नंतर कविराजांचे शब्द आले, खरा गायक आला, खरी गायिका आली, सगळं रीतसर रेकॉर्ड झालं. पण मास्तरांच्या लेखी चाल पक्की झाली की गाणं संपलं. शब्द म्हणजे जेवणं उरकल्यावर आलेले पाहुणे. म्हणून डमीच्या फायलींना त्यांनी नाव दिलं होतं ‘फायनल’. आणि कविराजांच्या शब्दांसकट जे रेकॉर्ड झालं त्याला, ‘फायनलनंतर’. कंपनीतल्या माणसाने कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. ‘फायनल’ उचललं आणि जगाच्या कानात ओतलं.

"आणि कव्हरवर नाव माझं!" कविराज ओरडले. "शब्द म्हणून माझं नाव छापलंय!"

"तुझं काय बिघडलं? बाईच्या आवाजात मी गायलोय."

दिग्दर्शक हा अंगाने किरकोळ आणि मनाने मऊ माणूस होता. त्याचं मत म्हणजे बसमधली सीट. शेवटी जो येऊन बसेल त्याची. सकाळी कविराज त्याच्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, "भयंकर झालं. आजच बदलून घेतो. आणि शुक्रवारी सिनेमा लागेल त्यात तर खरीच गाणी असतील, शब्द देतो तुम्हाला." दुपारी त्याने दिलेला शब्द परत मागून घेतला. मधल्या वेळेत त्याने श्रोत्यांची मतं वाचली होती.

मतं अशी होती:

"पंखा ऐकलं. आईला फोन केला. बाकी काही लिहवत नाही."

"‘तुमच्यासाठी परत जाऊन केला’! याहून मोठी प्रेमाची कबुली मी ऐकली नाही. आमचे हे परत जाऊन कधी गॅससुद्धा बघत नाहीत."

"पंखा म्हणजे माणसाचा अहंकार. गोल गोल फिरतो आणि खाली दुसऱ्याच कुणाला सर्दी होते. कवीला सलाम."

"ही नवी गायिका कोण? आवाजात सर्दी आहे, पण सर्दी खरी आहे. हल्ली इतका प्रामाणिक गळा कुठे?"

"तिसऱ्या गाण्यात मोजा सापडतो की नाही ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. मला वाटतं त्यालाच प्रेम म्हणत असावेत. तरी पण, सापडला का?"

एकानेच जरा हात आखडता घेतला होता. "वीज वाचवण्याचा संदेश स्तुत्य. बाकी काही कळलं नाही," असं लिहून त्याने खाली पुस्ती जोडली होती, "चार वेळा ऐकलं."

पण सगळ्यात कहर झाला तो दुसऱ्या गाण्याने. त्यात मास्तरांचा तोच बारीक आवाज म्हणत होता:

"हळू सोड, झटका बसतो,
एकदम सोडलं की बंद पडतं.
मी आहे ना शेजारी,
घाबरतोस कशाला?"

या गाण्याखाली लोक रडून रडून लोळत होते. एक जण म्हणे ऑपरेशनला आत जाताना कानात हेच लावून गेला. एका बाईने लिहिलं, माझा मुलगा परगावी शिकायला गेला तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर मी स्टेशनवर तमाशा केला नसता. आणि प्रत्येक मताच्या शेवटी कविराजांचं कौतुक. साधेपणा, अनुभव, निरीक्षण, काळीज. वीस वर्षं ज्या ‘वा’साठी कविराज झुरले होते, त्या ‘वा’चा नुसता पूर आला होता, आणि त्यांना घोटभर प्यायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या नावाचं पार्सल दाराशी यावं आणि सही करून घ्यावं लागावं, तशी गत.

दुकानात तर बसणं मुश्कील झालं. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. एक आजीबाई तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवून बसल्या होत्या. कविराजांनी तक्त्यावर छडी ठेवून "खालची ओळ वाचा," म्हटलं, तर त्यांनी ‘ग, म, भ, न’ चक्क पंख्याच्या चालीवर म्हणून दाखवलं आणि वर विचारलं, "तुम्हीच ना ते? काय बाई लिहिलंय! माझं लक्षच नाही तुमच्या अक्षरांत."

घरी सासूबाईंनी त्याच्यावर कळस चढवला. त्या शेंगा सोलत म्हणाल्या, "जावईबुवा, इतकी वर्षं तुम्ही लिहिता लिहिता म्हणतात, मला एक अक्षर कळायचं नाही. म्हटलं, असेल बाई काहीतरी मोठं. आता कळलं. छान लिहिता हो."

त्यापेक्षा त्यांनी मुस्कटात मारली असती तर कविराजांनी दुसरा गाल आपणहून पुढे केला असता.

बायको संध्याकाळी घरी आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, तिच्या गाडीच्या डोक्यावर तांबड्या अक्षरांची पाटी होती. आल्या आल्या ती चपलासुद्धा न काढता समोर उभी राहिली.

"अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही, की नाटक करताय?"

"काय कळायचं?"

"‘हळू सोड, झटका बसतो.’ वाक्य कुणाचं आहे हे?"

"मास्तरचं. त्याचं डोकंच तसलं."

"मास्तरांना सायकल येत नाही! क्लच आहे तो, क्लच! दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी हे. आज गाडीत रेडिओवर लागलं, तर आमचे शिकाऊ काका, ते बँकेतून निवृत्त झालेले, डोळे पुसायला लागले. म्हणाले, मॅडम, हे गाणं ऐकलं की तुमचीच आठवण येते. मी म्हटलं, काका, रस्त्याकडे बघा. आणि मग माझाच पाय ब्रेकवर गेला. सकाळपासून मला संशय येतच होता."

"आणि पंखा?"

"पंखा तुमचा. मी घराबाहेर पडून कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच तुमचा फोन: पंखा बंद केलास का? मोजा तुमचा. ‘मी नाही जेवले अजून’ माझं. ‘आई विचारतेय, किती वाजतील’ माझं. अहो, सगळ्या अल्बमभर आपलंच घर पसरलंय नुसतं. आवरायचं कुणी?"

कविराज मटकन बसले, नेमके शेंगांवर. लिहिलेलं ते अत्तर आणि बोललेलं ते सांडपाणी, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. आपण दिवसभरात काय बोलतो याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. कान देऊन ऐकण्याची तर गोष्टच नको.

मास्तरांनी फोनवर फार आढेवेढे घेतले नाहीत. "मग काय गाणार होतो मी? चार महिने तू माझ्या खोलीत ठाण मांडून बसलास. एक ओळ लिहायचास आणि चार वेळा वहिनींना फोन लावायचास. तोही स्पीकरवर, का तर म्हणे लिहायला हात मोकळे हवेत. त्या तिकडे गाडी शिकवताहेत, तू इकडे मोजा शोधतोयस. माझ्या कानात दुसरं काय शिरणार?"

"सांगायचं तरी!"

"मला काय माहीत ते शब्द आहेत म्हणून? मी चाल बघत होतो."

त्या संध्याकाळी नवरा-बायको एकाच मोबाईलवर डोकं घालून सगळी मतं पुन्हा पहिल्यापासून वाचत बसले. आता गंमत वेगळीच होती. कुणी ‘काळीज’ लिहिलं की दोघं एकमेकांकडे बघायचे आणि पटकन नजर वळवायचे, नवीनच ओळख झाल्यासारखे.

"‘मी आहे ना शेजारी,’" कविराज हळूच म्हणाले, "हे मला म्हणाली होतीस?"

"नाही. एका शिकाऊ पोराला."

"हं."

"पण फोन तुमचा चालू होता," बायको म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. आतून तिचा आवाज आला, "आणि अर्धे शब्द माझे आहेत, तर कव्हरवर माझं नाव कुठंय?"

मात्र एक गाणं उरलं होतं. सातवं. सिनेमाच्या शेवटी शिंपी पहिल्यांदाच दोन्ही बाह्या सारख्या शिवून देतो. आता परत यायला निमित्त नाही, म्हणून बाई आरशासमोर नुसती उभी राहते, तेव्हाचं गाणं. त्याच्या डमीत शब्दच नव्हते. ती डमी झाली त्या आठवड्यात घरी पंख्यावरून इतकं भांडण झालं होतं की बायकोने फोन उचलणंच बंद केलं होतं, आणि मास्तरांनी सगळं गाणं ‘अं हं हं’वर निभावून नेलं होतं. श्रोत्यांनी त्याचंही कौतुक केलं होतं ("जिथे शब्द संपतात तिथे हा कवी थांबतो. किती जणांना जमतं?"), पण दिग्दर्शकाला पडद्यावर शब्द हवे होते.

कविराजांचं काळीज उडी मारून उठलं. सातवं गाणं त्यांनी लिहिलेलं होतं, गायिकेने गायलेलं होतं, ‘फायनलनंतर’मध्ये जसंच्या तसं पडून होतं. सहा गेली तर गेली. एक तरी लोकांपर्यंत पोचू दे ना! बाकीचं बोलणं, हे लिहिणं. लोक आता आपले झालेत, हेही ऐकतील.

"ऐकतीलच," दिग्दर्शक म्हणाला, कारण शेवटी कविराजच बोलले होते. मग त्याच्याशी निर्माता बोलला असावा. कारण संध्याकाळी निरोप आला: ज्यांनी लांबलचक मतं लिहिलीत अशा पंचवीसएक श्रोत्यांना बोलावलंय. त्यांना ऐकवू. ते म्हणतील तसं.

कंपनीची ती छोटी खोली होती, मऊ खुर्च्या आणि भिंतींना गाद्यांसारखं कापड. ‘पंखा म्हणजे अहंकार’वाले गृहस्थ आले होते, ‘मोजा सापडला का’वाली मुलगी आली होती. सगळे कविराजांशी हात मिळवून गेले. बायको शिकवणी संपवून गाडीची किल्ली हातात तशीच घेऊन आली आणि शेवटच्या रांगेत बसली. दिवे मंद झाले. गायिकेचा खणखणीत, सर्दीमुक्त आवाज आला:

"हे विरहव्याकुळ वलयांकित वेदने,
तव वल्कलांचे वितळले वैभव..."

कविराज गाणं ऐकत नव्हते, माणसं ऐकत होते. पहिल्या कडव्याला लोक पुढे सरकून बसले. दुसऱ्याला मागे टेकले. अहंकारवाल्यांनी डोळे मिटले, आणि ते रसग्रहणासाठी मिटले नव्हते, हे त्यांच्या नाकाने थोड्याच वेळात जाहीर केलं. मोजावाली मुलगी अदबीने छताकडे बघत होती. गाणं संपलं तेव्हा टाळ्या झाल्या, परीक्षेत पास झालेल्या शेजाऱ्याच्या मुलासाठी होतात तशा.

"भारी आहे," एक जण म्हणाला.

"उच्च आहे," दुसऱ्याने भर घातली.

"हे जुनं गाणं आहे का?" मुलीने विचारलं. "म्हणजे, वाईट नाही म्हणत मी. आमच्या आजोबांकडे असं काहीतरी होतं."

कविराज उठून उभे राहिले. वीस वर्षांत मासिकांच्या संपादकांना जे जमलं नव्हतं ते या पंचवीस भल्या माणसांनी टाळ्या वाजवून केलं होतं.

"काढून टाका," ते म्हणाले. "ठीक आहे. अं हं हंच राहू दे."

"काही काढायचं नाही!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. बायको उभी होती. "राहू दे ते गाणं. चार महिने खपलेत ते त्याच्यावर."

"अगं, माणसं झोपली!"

"झोपू देत. मी नाही झोपले? तुमच्या अख्ख्या वहीवर झोपलेय मी. म्हणून वही फेकली का?"

"थांब. तुला आवडलीय का एक तरी कविता?"

अहंकारवाले जागे झाले.

"खरं सांगू?"

"सांग."

"नाही आवडली."

"एकही?"

"एकही नाही. म्हणून काय झालं? ऐकली ना! एकूण एक ऐकली. दुसऱ्या कुणाची ऐकली मी?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही विचारायचात ते पंख्याचं!"

हिला आवडत असणार हे कविराज धरूनच चालले होते. इतकं, की खात्री करून घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तसं नव्हे," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मला भीती वाटायची विचारायची."

"मग माझंही तेच. मला भीती वाटायची, तुम्ही विचाराल म्हणून."

मोजावाली मुलगी उघड उघड रडत होती. दिग्दर्शक रडत होता, पण तो इतर लोक रडले की रडायचाच. आणि कोपऱ्यातल्या पियानोवर मास्तर केव्हाच वाकून बसले होते. डोळे मिटलेले, जगाचं भान नाही, आणि जाड आवाजात ते गुणगुणत होते, "एकही नाही?" मग बारीक आवाजात, "एकही नाही. म्हणून काय झालं? ऐकली ना..." चाल अशी फिट्ट बसली होती, की जणू या भांडणाचंच माप घेऊन शिवली होती.

"हेच!" दिग्दर्शक नाक शिंकरत म्हणाला. "हेच जाणार पडद्यावर!" यावर नंतर कुणीही येऊन काही बोलू नये म्हणून निर्मात्याने त्याला तिथूनच गाडीत घालून नेलं. बायकोने त्या दोघांना दारात गाठून तेवढं कबूल करवून घेतलं की पडद्यावर नाव लिहायचं ते ‘शब्द: एक नवरा, एक बायको’. कविराजांच्या समाधानासाठी दिग्दर्शकाने गाडीच्या काचेतून ओरडून सांगितलं, "तुमचं ते वेदनेचं गाणंही कुठेतरी घालतो! वाया नाही घालवणार!"

शुक्रवारी तिघं सिनेमाला गेले. थिएटर भरलेलं. पहिल्याच गाण्याला अंधारातून अख्खी बाल्कनी एका सुरात म्हणाली, "केला हो केला, दोनदा केला!" सासूबाई सगळ्यात मोठ्याने. कविराजांना हसू येत होतं, छाती भरून येत होती, आणि तरी ते खुर्चीच्या टोकावर बसून होते. कुठेतरी म्हणजे कुठे?

मध्यंतरानंतर, अगदी शेवटाकडे, ते आलं. शिंपी एकटाच दुकानात काज करत बसलेला. मागे फळीवर रेडिओ. त्या रेडिओतून खरखरत, कविराजांच्या सातव्या गाण्याचं तिसरं कडवं वाजू लागलं, ज्याच्यापर्यंत त्या खोलीत कुणी जागं पोचलंच नव्हतं:

"माप तर माझे पुरते नेलेस,
उरले त्याचे काय करू?"

एवढंच. दाराशी बाई आली. शिंप्याने घाईघाईने हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.

कविराजांनी श्वास सोडला. झालं. वीस वर्षांची पुंजी, एका बटणात संपली. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, अगदी स्वतःशीच, चुकचुकल्यासारखा:

"आँ, बंद कशाला केला मेल्याने? चांगलं चाललं होतं की."

कविराज गरकन वळले. अंधारात नीट दिसत नव्हतं. जाड काचांचा चष्मा होता, मांडीवर पिशवी होती. ओळखीचं कुणी नव्हतं. अगदी पूर्ण अनोळखी.

"ऐकलंस?" त्यांनी बायकोचा दंड घट्ट धरला.

"ऐकलं."

"आपण ओळखतो का त्यांना?"

"नाही हो. शपथ. पुढे बघा."

पण पुढे बघवेना. कविराज खुर्चीत गुडघ्यावर उभे राहिले, मागे वाकले, आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आत्ता तुम्ही जे म्हणालात ना, रेडिओ बंद केल्यावर... ते परत एकदा म्हणाल का? जरा मोठ्याने?"

"श्श!" बाईंनी त्यांना पिशवीनेच खाली ढकललं. "गप बसा हो! शेवटचं गाणं लागतंय, ते तरी ऐकू द्या!"